पोरगी निबर झाली

थंडी पडली की बेळगावात आधी आवाज बदलतात. उद्यमबागेकडं जाणाऱ्या मोटारसायकली धुक्यात दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. मागून उसाचे ट्रेलर ओढत ट्रॅक्टर येतो आणि त्याच्यावरचं कन्नड गाणं ट्रॅक्टरच्या बरंच आधी येऊन पोचतं. मी कारखान्याच्या फाट्यावर बसमधून उतरते, हात बगलेत घालून चालायला लागते, आणि दर वर्षी याच सुमाराला मला राखेचा वास येतो. भांडी घासायची राख, गार आणि ओली. आसपास तशी राख कुठंच नसते. फाउंड्रीचा धूर असतो, रताळी उकडून विकणाऱ्या बाईच्या पातेल्याची वाफ असते. तरी नाकात राखच येते आणि बोटं गारठतात.

यंदा दिवाळी झाल्यावर निपाणीच्या आमच्या शाळेतून फोन आला. नवे मुख्याध्यापक बोलत होते. फार चांगलं बोलत होते. म्हणाले, "मॅडम, बंद पडलेलं हिवाळी शिबिर आपण परत सुरू करतोय. तुम्ही लिहिता असं कळलं. शिबिरामुळं विद्यार्थी कणखर कसे होतात, यावर आमच्या अंकाला एक लेख द्या. तुम्ही शेवटच्या शिबिरातल्या ना?"

मी म्हटलं, "हो. शेवटच्या."

मागोमाग फोनवर त्यांचं रंगीत पत्रक आलं. डोक्यावर हेल्मेट घातलेली एक गोरी गोमटी मुलगी दोराला लोंबकळत हसतेय, खाली लिहिलंय, आपल्या पाल्यास कणखर बनवा. शिबिर घेणार शहरातली कुठली तरी कंपनी, जागा एका रिसॉर्टची. दोर, भिंत, चिखलातली शर्यत आणि शेवटी प्रमाणपत्र.

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापून आणली, वाटली. भाषेची, सीमेची, वस्तीतल्या नळाची, बाबासाहेबांच्या जयंतीची. गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास केला आणि गठ्ठ्याला टेकून झोपले. म्हणून असेल, छापलेला मोठा शब्द दिसला की त्याच्या मागं काय दडवलंय हे बघायची मला खोड आहे. कणखर हा शब्द मी नेहमी ज्यांना आधीच सोसायला लागतंय त्यांनाच सांगितलेला ऐकला. आमच्या वर्गातली पोरं सुट्टीत तंबाखूच्या वखारीत जायची. तंबाखूच्या धुळीनं, खकाण्यानं, शिंकून शिंकून डोळे लाल करून सोमवारी शाळेत यायची. एका दाखल्यासाठी त्यांच्या आया कचेरीत दिवस मोडायच्या, कारण खिडकीवरची कन्नड पाटी त्यांना वाचता यायची नाही आणि आतला माणूस वाचून दाखवायचा नाही. या पोरांना आणखी कणखर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? की त्यांनी ओरडू नये एवढाच त्याचा अर्थ आहे?

असा राग राग करत मी लेख मनात लिहायला घेतला आणि पहिल्या ओळीलाच अडले. कारण आमच्या शिबिरानं मला काहीच दिलं नाही असं म्हटलं असतं, तर ते खोटं झालं असतं.

ते शिबिर चौगुले सर घ्यायचे. सर भूगोल शिकवायचे. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, थंडीत कानाला मफलर. खानापूरच्या पलीकडं, नंदगडच्या पुढं रानाच्या कडेला एका खेड्यातली शाळा सुट्टीत रिकामी असायची, तिथं ते आम्हाला न्यायचे. मुली वर्गात झोपायच्या, मुलं बाहेर ताडपत्रीखाली. सकाळी ताडपत्रीवर दव साठून तिची झोळी झालेली असायची आणि कुणी तरी खालून ढोसलं की सगळं दव एकाच्याच अंगावर. ओढ्याचं पाणी असं गार की तोंड धुतल्यावर तोंड आहे की नाही हे चाचपून बघावं लागायचं. आम्हीच चूल पेटवायचो, आम्हीच आमटी करपवायचो आणि आम्हीच ती चांगली झालीय म्हणायचो. जेवल्यावर ओढ्याकाठी बसून राखेनं ताटं घासायची. एकदा संत्यानं, म्हणजे आमच्या वर्गातल्या सर्वांत बडबड्या पोरानं, अस्वल आलं म्हणून सगळ्यांना वर्गात कोंडलं. खिडकीतून बघतो तर गावातली म्हैस आमचं कोथिंबिरीचं गाठोडं खात होती.

या शिबिरात दोर नव्हता आणि भिंतही नव्हती. रोज चढण मात्र होती, आणि चढणीवर सरांचा एक नियम होता. कुणी "अजून किती?" असं विचारलं तर "आलंच" म्हणायचं नाही.

ऐकायला एवढीशी गोष्ट आहे. पण आपल्याकडचं कुठलंही मोठं माणूस आठवून बघा. यल्लम्माच्या डोंगरावर, गावाकडच्या वाटेवर, दवाखान्याच्या रांगेत. पोर विचारतं, अजून किती, आणि माणूस समोर न बघताच म्हणतं, ह्ये काय, आलंच. प्रेमानंच म्हणतं. पण दोन-तीनदा आलंच ऐकून काहीच आलं नाही, की पोर मटकन खाली बसतं. पाय थकलेले असतात ते असतातच. त्याहून जास्त, आता कुणाचं ऐकायचं हेच त्याला कळेनासं झालेलं असतं. सर सांगायचे, आहे तेवढं सांगा. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणा. आणि सांगितल्यावर त्याच्याजवळ थांबा.

"सर, अजून किती?" संत्या धापा टाकत विचारायचा.

"निम्मं झालंय. पुढचं निम्मं ह्याच्यापेक्षा वाईट हाय."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? मी आलोच नसतो!"

"म्हणून तर आत्ता सांगितलं. बसायचं असलं तर बस. आम्ही पण बसतो."

"मी कुठं दमलोय सर? ही सुजी दमलीया, हिच्यासाठी म्हटलं."

"माझ्यासाठी नको," मी म्हणायचे, "तुझीच जीभ बाहेर आलीया बघ म्हशीवानी."

एकदा डोक्यावर सरपण घेतलेले एक म्हातारे वरून उतरत होते. आम्हाला बघून प्रेमानं म्हणाले, "आलंच की रं बाळांनो, ह्ये काय!" तशी सगळी रांग एका सुरात ओरडली, "आलंच न्हाय!" म्हातारे दचकून जागीच उभे राहिले. "मास्तर," ते म्हणाले, "पोरं लई वाईट वळणाची हायती तुमची." सर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला.

मुख्याध्यापकांच्या फोननंतरच्या रविवारी मी निपाणीला गेले ती सरांना ही बातमी द्यायला. शिबिर परत सुरू होतंय हे त्यांना माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. दारात त्यांचा मुलगा भेटला, परशरामदादा. माझ्यापेक्षा बराच मोठा, कानशिलावर केस पांढरे झालेले. त्यानं मला आत जायच्या आधी गल्लीत बाजूला घेतलं.

"आप्पांना यकृताचा कॅन्सर हाय," तो म्हणाला. "पुढं गेलाय. बेळगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पण आप्पांना आम्ही अल्सर सांगितलाय. तू काय बोलू नकोस."

मी चपला काढून आत गेले. आत सर खाटेवर बसले होते आणि त्यांचा मफलर त्यांना मोठा झाला होता.

शिबिराचं ऐकून ते उजळलेच. मला बसही म्हणाले नाहीत, आधी विचारलं, "कुठं नेणार? चढण हाय काय तिथं?" दोराचं सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. "दोर कशाला? पोरं काय बादल्या हायती?" मग म्हणाले, "मी जाणार. मुख्याध्यापकाला सांग, म्हातारा येतोय. एवढा अल्सर बसला की झालं." तेव्हापासून ते रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारायला लागले, असं मला नंतर कळलं. भिंत धरून जायचे, भिंत धरून यायचे. ताकद राखायला नको असलं तरी भाकरी चावून गिळायचे. परशादादाची बायको, वहिनी, त्यांना म्हणायची, "जाऊ की आप्पा, थंडी जरा कमी होऊ दे."

निघताना परशादादा मला बसस्टँडवर सोडायला आला. कँटीनमध्ये चहा घेताना मी म्हटलं, "दादा, त्यांना सांगायला पाहिजे. ते शिबिराची तयारी करायलेत."

"करू दे की. तेवढंच बरं वाटतंय."

"पण खोटं आहे ते. उद्या त्यांना कुणाला भेटायचं असेल, काही बोलायचं असेल. आपण ठरवणारे कोण?"

त्यानं कप खाली ठेवला. "हे बघ सुजाता. तुझं सोपं हाय. तू सांगशील आणि बस धरून बेळगावला जाशील. पत्रकात छापायला बरं असतंय, सत्य आणि काय काय. त्यांना धरून संडासला मी नेतो. रातचं दचकून उठतात तवा मी असतो. तवा त्यांनी मला विचारलं, परशा, मी मरणार काय, तर तू असणारेस काय उत्तर द्यायला?"

मी चहाचे पैसे दिले. बस लागली. वंटमुरीचा घाट येईपर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत होते आणि घाटात माझं भांडण संपलं, कारण तो घाट मला एका जुन्या सकाळी नेऊन सोडतो.

त्या सकाळी मी ओढ्याकाठी ताटं घासत होते. आठवीत होते. गावाच्या वाटेनं एक जीप आली आणि तिच्यातून आमचा मामा उतरला. शिबिरात घरचं माणूस आलेलं बघून मी खूश झाले, राखेचे हात तसेच घेऊन पळाले. मामानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच सरांकडं वळला. दोघं जांभळीखाली जाऊन बोलले. मग मामा माझ्याकडं आला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "चल गं सुजे. आईला जरा बरं न्हाय. काय एवढं न्हाय, पण आठवण काढतीया."

आईला बरं नसणं मला नवीन नव्हतं. ती वखारीत काम करायची, वर्षभर खोकत होती, मिरजेच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आली होती. मी अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, कमी आहे आता. आईला विचारलं की ती म्हणायची, कमीच की. शिबिराला जाऊ नको वाटत होतं मला, तर तिनंच माझी पिशवी भरली. "सगळी पोरं जातात, तू का मागं राहतीस? जा. उड्या मारून ये." पुढं कितीतरी वर्षांनी मला समजलं की तेव्हा घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. मला शिबिराला पाठवलं ते शेवटचं काही दिसू नये म्हणून. ज्या घरातून सरकारला जाहीर सवाल विचारणारी पत्रकं निघायची, त्या घरात माझ्या साध्या प्रश्नाला कुणी खरं उत्तर दिलं नव्हतं. आणि तो कुणाचा दुष्टपणा नव्हता. आपल्याकडं माणूस गेलं की त्याच्या जवळच्या माणसाला वाटेत सांगत नाहीत. घरी पोचेपर्यंत त्याला आजारपणाच्या थापेवर आणतात. वाटेत थांबून खाऊ घालतात, कारण घरी गेल्यावर त्याच्या पोटात काही जाणार नसतं. सगळ्या गाडीला माहीत असतं. त्या एकालाच माहीत नसतं आणि तो खिडकीतून बाहेर बघत असतो.

मी पिशवी आणायला वळले तेव्हा सर म्हणाले, "सुजाता, हितं ये." मामा म्हणाला, "सर, नको." सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. ओढ्याच्या कडेच्या दगडावर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः समोर मातीत बसले, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडाच्या खाली आलं.

"सुजाता, तुझी आई गेली," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. मामा म्हणत होते सांगू नका. मी सांगतोय."

मी विचारलं, "म्हणजे कुठं?"

"वारली बाळ."

मी विचारलं, त्रास झाला काय तिला. ते म्हणाले, मला माहीत नाही. मी विचारलं, आता तिला ठेवलंय काय अजून. ते म्हणाले, ठेवलंय, तू येईपर्यंत ठेवणार आहेत. एवढंच झालं बोलणं. मग मी ओरडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि रडू नको असंही म्हटलं नाही. माझ्या हातावर राख वाळत होती. पोरं लांब उभी होती, आणि संत्या, जो कधी गप्प नसायचा, तो माझं अर्धवट राहिलेलं ताट घासत होता.

सर जीपमध्ये माझ्याबरोबर निपाणीपर्यंत आले. मामा पुढं बसला होता आणि त्यांच्याशी बोलत नव्हता. खानापुरात त्यानं बन आणि चहा आणला, मला म्हणाला, "खा गं, नंतर मिळायचं न्हाय." मला गिळवलं नाही, पण तो असं का म्हणतोय हे मला कळत होतं, आणि का कोण जाणे, तेवढ्यानं मला मामाची दया आली. वाटभर रडले. घाटात रडले, संकेश्वरला रडले. घरी पोचले तेव्हा डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं.

दारात बायका तयारीनं उभ्या होत्या. मी कोसळणार, मग मला धरायचं, असं त्यांचं ठरलेलं असावं. मी कोसळले नाही. आईच्या उशाशी जाऊन बसले. तिच्या केसांत तंबाखूचा वास होता, शेवटपर्यंत गेला नव्हता. केस विस्कटलेले होते, ते मी बोटांनी नीट केले. मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण झालं, मी सगळ्यांबरोबर म्हटलं. तिचा चेहरा मी पोटभर बघितला. आजही डोळे मिटले की तो मला पूर्ण दिसतो. आमच्या आत्याची मुलगी तिच्या आईच्या वेळी अशीच थापेवर आणली होती. दारातच तिची शुद्ध गेली आणि जागी झाली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती अजून म्हणते, मी आईला बघितलंच न्हाय गं.

मागं कुणी तरी कुजबुजलं, "रडंना बी. पोरगी निबर झाली." दुसरी म्हणाली, "रानात नेऊन केलीया त्या मास्तरानं."

तो शब्द गावभर झाला. मामा शाळेत जाऊन ओरडून आला, आईविना पोरीला जंगलात दगडावर बसवून असं सांगतात काय. पालकांची सभा झाली. पुढच्या वर्षी शिबिर निघालं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. सरांनी स्वतःची बाजू कुठं मांडल्याचं मी ऐकलं नाही. वर्गात येऊन नद्या शिकवत राहिले.

निबर म्हणजे जून झालेली भेंडी. दाबली तर वाकत नाही, मोडते. मी तशी नव्हते. त्या जीपमधून येताना मी जेवढी मऊ होते तेवढी नंतर कधी झाले नसेन. शिबिरानं पोरं कणखर होतात काय, तर होत असतील. चढण पोरांना चढता येते. थंडी, उपास, करपलेली आमटी, सगळं झेपतं. त्यांना झेपत नाही ते आपल्याला फसवून नेलं जातंय हे नंतर कळणं. खरं ऐकल्यावर शेजारी एक माणूस हलला नाही, ही आठवण मला पुढं कितीदा तरी उपयोगी पडली. नोकरी गेली तेव्हा. मोर्च्यात काठी बसली तेव्हा. अण्णा गेले तेव्हा. यासाठी कुठली कंपनी प्रमाणपत्र देत असेल तर मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी परत निपाणीला गेले. सांगायचं ठरवून गेले नव्हते. परशादादाचे शब्द मला लागले होते आणि ते खोटे नव्हते. अंगणात उन्हाला खाट टाकली होती. परशादादा औषध आणायला गेला होता, वहिनी आत भाकरी थापत होती. सर आदल्या आठवड्यापेक्षा निम्मे झाले होते. डोळे पिवळे.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "सुजाता, एक विचारतो. हा परशा म्हणतोय अल्सर. अल्सरनं माणूस इतका वाळतोय व्हय गं?"

आतून भाकरी थापटण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

"अल्सर नाही सर."

"मग?"

"कॅन्सर आहे. यकृताचा. आता औषध आहे ते दुखू नये म्हणून आहे."

त्यांनी पांघरुणाची घडी सरळ केली. ती सरळच होती. "आणि शिबिराला?"

"नाही जमणार सर."

खरं सांगते, मला वाटलं होतं ते मान हलवतील. चढणीवर हलवायचे तशी. माझ्या मनात सर नेहमी त्या ओढ्याकाठी मातीत बसलेले असायचे, सगळं ठाऊक असलेले, न घाबरणारे. समोरच्या माणसाची हनुवटी थरथरायला लागली. एखादं पोर बघतं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कशाला सांगितलंस गं?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत सर."

"विचारतंय माणूस." त्यांचा आवाज चिरकला. "विचारतंय म्हणून काय… रोज फेऱ्या मारत होतो गं मी. बरं वाटत होतं."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आमच्या घरात पत्रकांचे एवढे गठ्ठे होते, त्यातलं एकही वाक्य माझ्या मदतीला आलं नाही. मी उठले नाही, एवढंच केलं. त्यांच्या पाठीचे मणके सदऱ्यातून दिसत होते. मी चूक केली की बरोबर केलं, हे मला त्या क्षणी कळलं नाही आणि आज लिहितानाही कळलेलं नाही.

फाटक वाजलं. परशादादा औषधाची पिशवी घेऊन आत आला. त्यानं आधी मला बघितलं, मग सरांची पाठ बघितली आणि त्याला समजलं.

"सांगितलंस?" तो माझ्या अंगावर आलाच. "सांगितलंस न्हवं शेवटी? झालं समाधान?"

"परशा," सर भिंतीकडूनच म्हणाले. "बस हितं."

"आप्पा, ती काय बी बोलतीया. डॉक्टर म्हणाले—"

"बस म्हणतोय न्हवं." ते मोठ्या कष्टानं वळले. "डॉक्टर काय म्हणाले तुला? आणि कवा?"

परशादादा खाटेच्या कडेला बसला. पिशवी त्याच्या हातातच राहिली. "दिवाळीच्या आधी," तो म्हणाला.

"दिवाळीच्या आधी." सर म्हणाले. "म्हणजे लाडू खात होतो आपण, तवा तुला माहीत हुतं?"

"तुम्हीच म्हणालता बेसनाचे करा म्हणून…" पिशवी खाली पडली. कानशिलं पांढरी झालेला तो माणूस खाटेच्या पट्टीवर कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागला. वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आली, तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तिनंही पदर तोंडाला लावला. इतके दिवस हे घर हसत होतं.

सरांनी हात उचलला. त्याच्या डोक्यापर्यंत तो पोचला नाही, खांद्यावर पडला.

"लई दिवस एकट्यानं वागवलंस रं," ते म्हणाले.

मी बाहेर पडले. मला कुणी थांब म्हटलं नाही आणि म्हणावं असंही काही नव्हतं.

शिबिराची बस परवा गेली म्हणे. मुख्याध्यापकांनी लेखाची आठवण करून दिली होती, मी त्यांना हा लेख तुमच्या अंकाला चालणार नाही असं कळवलं. सरांनी त्यानंतर मला बोलावलेलं नाही. दुखणं वाढलंय. कधी बोलतात, कधी कुणाला ओळखत नाहीत. नंदगडकडच्या त्यांच्या थोरल्या बहिणीला त्यांनी बोलावून घेतलं आणि ती आता तिथंच राहिलीय, एवढं कळलं.

परशादादाचा मात्र फोन येतो, माझी सुटी व्हायच्या वेळेला. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, शिव्या द्यायला केला असणार. त्या खायच्या असं ठरवून मी फोन उचलला.

"आज लई वाईट गेला दिवस," तो म्हणाला.

"व्हय?" मी म्हटलं.

"व्हय."

पलीकडून सरांचा कण्हण्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. त्यानं फोन ठेवला नाही, मीही नाही.